मोटार पुन्हा का जळाली?

उसाचा गळीत हंगाम संपला, की साखर कारखान्याची धुराडी थंड होतात. पण कारखान्यातली माणसे मात्र मोकळी होत नाहीत. पुढच्या हंगामापूर्वी सगळी यंत्रे खोलून, तपासून, दुरुस्त करून ठेवायची असतात. त्यांतच असतात शे-दोनशे किलोवॉटच्या मोठ्या विद्युत् मोटारी. जळालेली मोठी मोटार दुरुस्त करण्याची सोय कारखान्यात बहुधा नसते. ती ट्रकमध्ये घालून बाहेरच्या कार्यशाळेकडे ‘रिवायंडिंग’साठी, म्हणजे तांब्याची वेटोळी नव्याने भरण्यासाठी पाठवितात.

एका कारखान्यातील विद्युत् अभियंत्यांनी मला सांगितलेली हकीकत ऐका. त्यांच्याकडील पंपाची २०० किलोवॉटची मोटार जळाली. दरपत्रके मागविली गेली आणि सर्वांत कमी दर देणाऱ्या कार्यशाळेला काम मिळाले. मोटार परत आली ती नवे तांबे, नवे निरोधन आणि वर चकचकीत रंग लेवून. दीड महिन्यात ती जळाली. दुसऱ्यांदा भरून आणली, तर पुन्हा भर हंगामात तीच गत! नवल म्हणजे दोन्ही वेळा वेटोळी जळाली ती अगदी एकाच जागी. तांबे नवे, निरोधनही नवे. मग जुने असे काय उरले होते? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

मोटारीच्या पोटात

कारखान्यांत बहुतेक ठिकाणी प्रवर्तन मोटार, म्हणजेच इंडक्शन मोटार वापरतात. तिचा बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर आणि आत फिरणारा भाग म्हणजे रोटर. स्टेटरच्या आतल्या बाजूस लांबट खाचा असतात आणि त्यांत तांब्याची वेटोळी बसविलेली असतात. त्यांतून त्रिकला विद्युत् प्रवाह गेला, की फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि ते रोटरला आपल्यामागे ओढत नेते.

स्टेटर हा लोखंडाचा अखंड ठोकळा नसतो. सिलिकॉनयुक्त पोलादाचे साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे शेकडो पत्रे एकमेकांवर रचून तो बनवितात आणि प्रत्येक पत्र्यावर विद्युत् निरोधक लेप असतो. कारण उघड आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात कोणताही धातूचा तुकडा ठेवला, तर त्यात विद्युत् प्रवाह प्रवर्तित होतो, हे फॅरेडे यांनी १८३१ साली दाखविले. लोखंडात असे प्रवाह पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे गोल फिरतात. म्हणून त्यांना भोवरा प्रवाह म्हणतात. त्यांतून काम काहीच होत नाही, नुसती उष्णता निर्माण होते. पत्रे पातळ ठेवले, की भोवऱ्यांना फिरायला जागा उरत नाही.

ही उष्णता पत्र्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन पत्र्यांमधला लेप नाहीसा होऊन ते एकमेकांस चिकटले, तर जाडी दुप्पट झाल्यासारखे होते आणि तितक्या भागात दर घनसेंटिमीटरला निर्माण होणारी उष्णता सुमारे चौपट होते. दहा-वीस पत्रे चिकटले तर काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

जुने तांबे काढताना

आता कोडे उलगडू लागेल. जुनी वेटोळी व्हार्निशने खाचांत घट्ट बसलेली असतात. ती ओढून निघत नाहीत; आधी व्हार्निश जाळावे लागते. चांगल्या कार्यशाळेत त्यासाठी तापमान-नियंत्रित भट्टी असते. पत्र्यांवरचा लेप कार्बनी असेल, तर स्टेटरच्या गाभ्याचे तापमान सुमारे ३६० अंश सेल्सियसवर आणि अकार्बनी असेल, तर ४०० अंशांवर जाऊ देत नाहीत. भट्टी नसली आणि घाई असली, की मात्र काही जण गॅसची ज्योतच स्टेटरवर धरतात. व्हार्निश झटपट जळते. पण त्याबरोबर पत्र्यांवरचा लेपही जळतो. वरून रंग दिला, की बाहेरून काहीच दिसत नाही.

तिसऱ्या वेळी कारखान्याने मोटार दुसऱ्या कार्यशाळेकडे दिली. तिथे तांबे काढून झाल्यावर गाभ्याची चाचणी घेण्यात आली. ती समजायला सोपी आहे. रिकाम्या स्टेटरच्या पोकळीतून जाड केबलचे काही वेढे घ्यायचे, बाहेरून वळवून आणायचे आणि त्यांतून प्रत्यावर्ती प्रवाह सोडायचा. गाभा जणू ट्रान्सफॉर्मरचा गाभा बनतो व तापू लागतो. तो सगळीकडे सारखा तापला तर ठीक. एखादी जागा बाकीच्या भागापेक्षा दहा अंशांहून अधिक तापली, तर तिथले पत्रे बिघडले असे समजावे. या मोटारीत एका खाचेच्या काठावरची वीतभर जागा भराभर तापली. दोन्ही वेळा वेटोळी जळाली होती ती नेमकी तिथेच!

वेटोळ्यांच्या निरोधनाचे आयुष्य तापमानावर अवलंबून असते. तापमान दर दहा अंशांनी वाढले, की ते अंदाजे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. ‘एफ’ वर्गाचे निरोधन १५५ अंशांपर्यंत टिकाव धरते. पण खाचेच्या भिंतीच तापलेल्या असतील, तर नव्या निरोधनाचाही इलाज चालत नाही. त्या जागचे पत्रे सुटे करून त्यांना पुन्हा लेप दिल्यावरच नवे तांबे भरण्यात आले.

तार आणि वेढे

दुसरी काळजी तारेची. जुन्या वेटोळ्यांतील तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि त्यांची जोडणी तांबे काढण्यापूर्वीच टिपून ठेवावी लागते. तार बारीक वापरली, तर रोध वाढतो आणि प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून येणारी उष्णताही वाढते. वेढे कमी घातले, तर वेगळीच अडचण. विद्युत् दाब ठरलेला असतो. तो तोलून धरणारे प्रवर्तित विद्युत् बल वेढ्यांची संख्या आणि चुंबकीय प्रवाह यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. वेढे घटले, की चुंबकीय प्रवाह वाढलाच पाहिजे. मग लोखंड संपृक्त होते आणि अधिक तापते.

वेटोळी भरल्यावर ती सुकवून, व्हार्निश पाजून भट्टीत पक्की करतात. ओलावा राहिला का, हे मेगर नावाच्या उपकरणाने कळते. निरोधनाचा रोध ते मेगओहममध्ये दाखविते. ४४० व्होल्टच्या मोटारीला ४० अंश तापमानास निदान ५ मेगओहम हवेत. नव्या, कोरड्या वेटोळ्यांचा रोध याच्या कितीतरी पट असतो. नोंदीत तापमान लिहिणे मात्र विसरू नये. कारण दर दहा अंश वाढीला हा रोध जवळजवळ निम्म्यावर येतो.

एका टक्क्याची किंमत

रिवायंडिंग केले, की मोटारीची कार्यक्षमता घटणारच, असे पुष्कळांना वाटते. अमेरिका व ब्रिटन येथील मोटार-दुरुस्ती व्यावसायिकांच्या संघटनांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासाने या समजाला उत्तर दिले. मोटारींची चाचणी नॉटिंगहॅम विद्यापीठात झाली होती. काळजीपूर्वक पद्धत वापरली, तर कार्यक्षमता टिकून राहते, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे दोष रिवायंडिंगचा नव्हे, ते कसे केले याचा आहे.

आता हिशेब करू. २०० किलोवॉटची मोटार ९४ टक्के कार्यक्षम असेल, तर ती २१२.८ किलोवॉट शक्ती घेते. कार्यक्षमता ९३ टक्क्यांवर आली, तर २१५.१ किलोवॉट घेते. फरक सुमारे २.३ किलोवॉट. हंगाम १२० दिवसांचा आणि मोटार अहोरात्र चालणारी धरली, तर सुमारे ६,६०० युनिट वीज वाया जाईल, आणि तीही दर हंगामात! दरपत्रकातील बचत किती दिवस पुरेल?

कागदावर काय लिहावे?

म्हणून काम देताना ‘मोटार भरून द्यावी’ एवढेच लिहून भागत नाही. करारात मोजता येतील अशा अटी हव्यात: तांबे काढण्यापूर्वी व काढल्यानंतर गाभ्याची चाचणी, भट्टीच्या तापमानाची नोंद, तारेची जाडी व वेढे मूळचेच, तिन्ही कलांचा रोध सारखा, मेगरचा आकडा तापमानासह, रोटरचा तोल व बेअरिंगची तपासणी, आणि शेवटी मोटार विनाभार चालवून घेतलेली प्रवाहाची व कंपनांची मोजमापे. चाचणीच्या वेळी आपला माणूस समोर उभा असावा. यात कारागिरावर अविश्वास नाही. चांगल्या कारागिराला अशा अटी हव्याच असतात. कारण त्याचे न दिसणारे काम त्यामुळेच आकड्यांत दिसते.

प्रयोगशाळेत निरीक्षणे नीट लिहा, असे तुमचे शिक्षक वारंवार का सांगतात, ते आता पटले ना?

करून पाहा

१. तारेचे क्षेत्रफळ १० टक्क्यांनी कमी झाले, तर रोध किती टक्क्यांनी वाढेल?

२. वेटोळ्याचा रोध २० अंशांना ०.०५० ओहम व मोटार चालून थांबल्यावर लगेच ०.०६० ओहम भरला. तांब्याचा रोध अंशामागे ०.३९ टक्के वाढतो, असे धरून वेटोळ्याचे तापमान काढा.

उत्तरे: १. सुमारे ११ टक्क्यांनी. २. सुमारे ७१ अंश सेल्सियस.