शिक्षणाचे मोल

बारावीचा निकाल लागला, की वसई-विरारमधील घराघरांत एकच विचार सुरू होतो : मुलाला अगर मुलीला कोणत्या महाविद्यालयात घालावे? एखादे खासगी महाविद्यालय घराजवळ असते. त्याची इमारत टोलेजंग आणि शुल्कही तसेच भारी. सरकारी महाविद्यालयाचे शुल्क बेताचे, परंतु इमारत जुनी व वाट लांबची. अशा वेळी पुष्कळांना वाटते, की जे महाग ते चांगलेच असणार. मुलांनो, हा समज कितपत खरा आहे, ते आपण पाहू.

प्राध्यापकांचे वेतन, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांचा खर्च प्रत्येक महाविद्यालयास येतो. सरकारी महाविद्यालयात तो मुख्यतः सरकार सोसते. अनुदानित महाविद्यालय खासगी संस्थेचे असले, तरी त्यातील अध्यापकांच्या वेतनासाठी सरकार अनुदान देते. विनाअनुदानित महाविद्यालयास असे साहाय्य नसते. तेथील बहुतेक खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातूनच भागवावा लागतो. महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस १९८३ साली परवानगी मिळाली आणि पुढे अशी महाविद्यालये पुष्कळ निघाली. तात्पर्य, कमी शुल्कावरून शिक्षण हलके ठरत नाही. उरलेला पैसा कर भरणाऱ्या समाजाने भरलेला असतो.

याची साक्ष इतिहासही देतो. मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय सरकारी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथेच शिकले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली होती. पदवी मिळवून १९१३ साली ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. माटुंग्याची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था १८८७ साली स्थापन झाली. सरकारी साहाय्यावर चालणाऱ्या या संस्थेत प्रवेश मिळावा, म्हणून आजही हुशार विद्यार्थी धडपडतात.

तथापि, खासगी महाविद्यालये वाईटच, असेही म्हणू नये. सरकारी जागा थोड्या आणि उमेदवार फार. ज्यांना तेथे जागा मिळाली नाही, अशा अनेकांना खासगी महाविद्यालयांनी शिक्षणाची वाट खुली केली आहे. शिवाय महाविद्यालय घराजवळ असले, तर लोकलच्या गर्दीत रोज जाणारा वेळ वाचतो.

आता असे समजा, की वसईतील एका वाडीवाल्याच्या मुलीस दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळत आहे. महागड्या महाविद्यालयासाठी वडिलांना केळीची वाडी गहाण टाकावी लागेल. धाकट्या भावाचे शिक्षण अजून व्हावयाचे आहे. अशा वेळी त्या कुटुंबाने मुलीला जवळ बसवून काही प्रश्नांची उत्तरे शोधावीत. तेथे जाणते अध्यापक पुरेसे आहेत काय? प्रयोगशाळेतील उपकरणे विद्यार्थ्यांच्या हाती येतात, की कुलपात राहतात? तेथून शिकून गेलेले काय सांगतात? शुल्क, पुस्तके व प्रवास धरून सर्व वर्षांचा खर्च किती? सवलत मिळते काय? वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क सरकारने २०२४ साली माफ केले. अशा एका माहितीने सारा हिशेब बदलू शकतो.

दोन्हीकडील उत्तरे सारखी आली, तर वाडी गहाण टाकण्याचे कारण उरत नाही. त्यांत मोठे अंतर पडले, तर कर्जाचा विचार डोळसपणे करावा. केवळ शेजाऱ्याचा मुलगा तेथे जातो, म्हणून कर्ज काढणे शहाणपणाचे नाही.

मुलांनो, महाविद्यालय कोणतेही असो, अभ्यास ज्याचा त्यालाच करावा लागतो. आणि समाजाच्या पैशावर जो शिकला, त्याने आपली विद्या समाजाच्या उपयोगी आणावी, हेच त्या शिक्षणाचे खरे मोल होय.

स्वाध्याय
१. सरकारी, अनुदानित व विनाअनुदानित महाविद्यालयांत कोणता फरक आहे?
२. वाडीवाल्याच्या मुलीला तुम्ही कोणता सल्ला द्याल? कारणे लिहा.