*आरोग्य-पाठ : हळद अंगी कशी लागेल?*

नालछा, धार आणि देवासच्या सर्व परिवार-ग्रुपमधील बंधू-भगिनींनो,

"पी हळद अन् हो गोरी" ही म्हण उतावळ्या माणसाला हसण्यासाठी आहे. पण सध्या फिरणारे मेसेज वाचले की वाटतं, आपण ती खरीच मानायला लागलोय. "रोज दोन चमचे हळद कोमट पाण्यातून घ्या, साखरेची अन् बीपीची गोळी सुटेल." असा मेसेज आला तर कृपा करून पुढे पाठवू नका. हळद गुणाची आहे, पण ते अन्न आहे. डॉक्टरांच्या गोळीची जागा ती घेत नाही. तिचा जो खरा फायदा आहे, तो कसा मिळवायचा ते बघू.

*हळदीत काय असतं?*
हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. हळद पुडीत ते साधारण ३ टक्के असतं. म्हणजे ३ ग्रॅमच्या एका लहान चमच्यात जेमतेम ९० मिलिग्रॅम. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि पोटात गेलेलं बरंचसं रक्तात न मिसळताच बाहेर पडतं. म्हणून किती खाल्ली यापेक्षा कशी खाल्ली, हे जास्त महत्त्वाचं.

*तीन सोप्या गोष्टी*
१) *तेल-तुपाची सोबत.* कर्क्युमिन स्निग्ध पदार्थात विरघळतं. कोमट पाण्यातल्या हळदीपेक्षा फोडणीतली हळद बरी. आपला भुट्ट्याचा कीस बघा : तूप, हळद, वर दूध. आजीने शास्त्र न वाचता बरोबर जोडी जमवली होती! हळदीचं दूधही साय न काढता घ्यावं, किंवा त्यात थोडं तूप घालावं.

२) *मिरीची सोबत.* १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं, की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं तर शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. हा आकडा मेसेजमध्ये फार फिरतो. पण २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन म्हणजे साठ-पासष्ट ग्रॅम हळद! तेवढी कोणीच खात नाही, खाऊही नये. आपण एवढंच घ्यायचं : भाजी-वरणात, दुधात चिमूटभर मिरपूड घालावी.

३) *कुकरमध्ये फार शिजवू नका.* म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या अभ्यासात शिजवताना कर्क्युमिन २७ ते ५३ टक्के कमी झालं. सर्वांत जास्त घट १० मिनिटं कुकरमध्ये. चिंच असली की घट कमी. म्हणून डाळ आधी शिजवा, हळद मागून फोडणीत घाला. आमटीला चिंच घालत असाल तर उत्तमच.

*किती घ्यावी?*
जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने कर्क्युमिनची रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे दोन लहान चमचे हळद. ही वरची हद्द आहे, रोज गाठायचं ध्येय नव्हे. घरच्या स्वयंपाकातली हळद याच्या खूप आत असते, त्यामुळे निर्धास्त खा.

*कोणी जपावं?*
रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे किंवा मुतखडा असेल, ऑपरेशन ठरलं असेल, तर जेवणातली हळद चालेल. वरून चमचे किंवा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मिरीचा अर्क घातलेल्या जोरदार कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. पिपरिन इतर काही औषधांचंही शोषण वाढवतं, हेही लक्षात असू द्या.

*पारख आणि साठवण*
हाटात फार झळझळीत पिवळी हळकुंडं दिसली तर भुलू नका. चकाकीसाठी शिशाचा रंग लावण्याचे प्रकार झाले आहेत, आणि शिसं लेकरांच्या मेंदूला घातक. घरी ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून बघा. खाली बसताना पाणी फिकट पिवळं झालं तर ठीक. गडद पिवळं झालं तर भेसळीची शंका घ्या. पण शिसं या परीक्षेत कळेलच असं नाही, म्हणून हळकुंडं ओळखीच्या दुकानातून घ्या अन् समोर दळून आणा. उजेडाने कर्क्युमिन कमी होतं, तेव्हा पूड काचेच्या बरणीत नको, स्टीलच्या डब्यात ठेवा.

*या आठवड्याचा नेम :* फोडणीत हळद, वर चिमूटभर मिरी, आणि चालू गोळी वेळेवर. घरातल्या आजी-आजोबांना हा पाठ वाचून दाखवा. त्यांनी एखादी गोळी परस्पर बंद केली असेल, तर आजच विचारा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. ही पण सेवाच आहे.

जय गुरुदेव 🙏