वाडग्याबाहेरचे 21 दिवस

दोन्ही शेळ्या दिसायला देखण्या होत्या. काळ्याभोर, तुकतुकीत अंगाच्या, दोन दाती. आठवडी बाजारातून त्यांना टेम्पोत घालून आणलं तेव्हा दिवस मावळायला आला होता. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या एका गावात प्रस्तुत लेखकाच्या आईचं वाडगं होतं. चौदा शेळ्या, बहुतेक सगळ्या उस्मानाबादी. चार गाभण, बाकीच्यांपैकी काहींच्या पायाशी जुळी करडं. वाटेनं शिणून आलेल्या जनावरांना आधी पाणी दाखवावं म्हणून आईनं दोघींना हौदावर नेलं. हौद कळपाचाच होता. आता रात्रीचं वेगळं कुठं बांधायचं, असं म्हणत त्यांना वाडग्यातच सोडलं.

चौथ्या दिवशी त्यातली एक रवंथ करेना. नाकातून पाणी येत होतं. वारा लागला असेल, असं घरातल्या सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा घट्ट शेंबूड झाला, डोळ्यांना चिपडं धरली, तोंडाला घाण वास सुटला. मग पातळ हगवण. दहाव्या दिवसापर्यंत हीच लक्षणं जुन्या शेळ्यांत दिसू लागली. तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी एका शेळीचा ओठ उलटून हिरडीवरचे फोड पाहिले, ताप मोजला आणि पहिला प्रश्न केला, ‘नवीन जनावर कधी आणलं?’

महिनाभरात तीन मोठ्या शेळ्या आणि सहा करडं गेली. दोन गाभडल्या. बाजारातून आणलेल्या दोघींपैकी एक वाचली, ती पुढे कितीतरी दिवस खोकत राहिली.

आजाराचं नाव पीपीआर. गावाकडं त्याला शेळ्यांची बुळकांडी म्हणतात, आणि हे नाव अगदी नेमकं आहे. गाई-म्हशींची बुळकांडी आणि शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर यांचे विषाणू एकाच कुळातले; माणसांच्या गोवराचा विषाणूही त्यांचाच भाऊबंद. गुरांच्या बुळकांडीनं एकेकाळी गावंच्या गावं बैलांवाचून ठेवली होती. अशा साथींचा अभ्यास करण्यासाठी 1889 साली पुण्यात एक सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली. ती 1893 मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली, आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. गुरांची बुळकांडी 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. शेळ्यांची मात्र अजून आहे. भारतात ती पहिल्यांदा नोंदली गेली 1987 मध्ये, तमिळनाडूत. तिच्यावरची आपल्याकडची लसही त्याच मुक्तेश्वरच्या केंद्रात तयार झाली.

बाजारात जनावर पारखून घेतलं तरी अशी फसगत होते, ती या आजाराच्या चालीमुळे. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत साधारण चार ते सहा दिवस जातात, कधी त्याहून जास्त. ठळक लक्षणं दिसण्याआधीच जनावर श्वासातून, लाळेतून जंतू सोडू लागतं. बाजारात ठिकठिकाणच्या कळपांतली जनावरं तासन्‌तास अंगाला अंग लावून उभी असतात. तिथं दात पाहता येतात, कास पाहता येते, चाल पाहता येते. पण कालच अंगात शिरलेला विषाणू कोणत्याही पारख्याला दिसत नाही. तो उघडा पडायला दिवस जावे लागतात. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमांत पीपीआरसाठी हा काळ जास्तीत जास्त 21 दिवसांचा धरला आहे. नवं जनावर किमान तीन आठवडे वेगळं ठेवा, असं डॉक्टर सांगतात ते या हिशेबानं.

कोविडच्या काळात ‘विलगीकरण’ हा शब्द घरोघरी पोहोचला. जालन्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यात, जिथं 2012-13 च्या दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या, तिथं शेळी हाच अनेक घरांचा नगदी आधार आहे. दवाखाना असो, शाळेची फी असो, बी-बियाणं असो, एक बोकड विकला की वेळ निभावते. त्या घरांना हा शब्द वाडग्यातही तितकाच लागू आहे.

आता आईच्या वाडग्यात जी पद्धत बसली आहे ती अशी.

नव्या जनावराची जागा ते घरी येण्याआधीच तयार असते. वाडग्यापासून जमेल तितकी लांब, वरून चार पत्रे, खाली कोरडी जमीन. वाऱ्याची दिशा पाहायची. नव्या शेळीवरून आलेला वारा जुन्या कळपावर जाता कामा नये. दोन्हींच्या मध्ये नुसती जाळी असणं म्हणजे वेगळं ठेवणं नव्हे, कारण नाकाला नाक जाळीतूनही लागतं. पाण्याचं घमेलं, चाऱ्याची गव्हाण, दावं, खराटा, सगळं तिथलं तिथंच. नव्या शेळीनं उष्टावलेला कडबा किंवा पाला जुन्यांपुढे टाकायचा नाही.

कामाचा क्रम ठरलेला. सकाळी आधी जुन्या शेळ्यांचं झाडलोट, धार, चारापाणी. नव्यांचं सगळ्यात शेवटी. तिकडे जायच्या चपला वेगळ्या, परत आल्यावर हातपाय साबणानं धुवायचे, लुगड्याचा पदर घाण झाला असेल तर तोही बदलायचा. सुरुवातीला शेजारच्या बायकांना हे अती वाटलं. पण जंतू जनावराबरोबरच माणसाच्या हातापायानंही फिरतो, आणि राखणारं माणूस दोन्हीकडे एकच असतं. लेंड्या गोळा करून लांबच्या खड्ड्यात टाकायच्या, जागेवर चुन्याची फक्की मारायची.

पहिले दोन-तीन दिवस नव्या शेळीला फक्त विश्रांती. प्रवासानं, उपाशी राहण्यानं, कळप तुटण्यानं तिची ताकद खालावलेली असते. खुराक एकदम बदलला तर पोट बिघडतं आणि मग ती हगवण आजाराची की चाऱ्याची, हे कळेनासं होतं. म्हणून पहिल्या घरी ती काय खात होती हे विकणाऱ्याला विचारून यायचं. पुढे लेंडी तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानं जंतनाशक, मग लस. पीपीआरची लस तीन-चार महिन्यांच्या वरच्या करडांना देता येते आणि एकदा दिली की काही वर्षं पुरते. मात्र टोचल्या दिवसापासून ती राखण करत नाही. अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि विषाणू आधीच शिरला असेल तर तिचा उपयोग होत नाही. त्यामुळे लस टोचली म्हणून दिवस कमी करायचे नाहीत. नवं जनावर आणण्याच्या आधीच आपल्या कळपाला लस दिलेली असली पाहिजे.

रोजचं पाहणं मात्र चुकवायचं नाही. नाक कोरडं की वाहतं, डोळे स्वच्छ की चिकट, शेपटीखाली घाण आहे का, रवंथ चालू आहे का. ओठांभोवती खपल्या दिसल्या तर तो मावा असू शकतो. केस झडून कातडी जाड झाली तर खरूज. लंगडत असेल तर खुरांत पाहावं. ताप पाहायला साधा थर्मामीटर पुरतो. शेळीचं तापमान माणसापेक्षा जास्त, 102 ते 103 फॅरनहाइटच्या आसपास असतं. 104 च्या पुढे गेलं की 1962 या क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात कळवायचं. गाभडलेल्या शेळीची वार आणि मेलेलं करडू उघड्या हातानं उचलू नये. त्यातून माणसालाही आजार होतात.

एक नियम सगळ्यांना जड जातो. तीन आठवड्यांत मध्येच दुसरं नवं जनावर तिथं आलं, किंवा तिथलंच एखादं आजारी पडलं, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

आजार बदलला की हिशेब बदलतो. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पीची साथ राज्यभर पसरली आणि सरकारला गुरांचे बाजार बंद करावे लागले. लम्पी माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो, म्हणून नवी गाय लांब बांधून भागत नाही. गोचीड-माश्यांचा बंदोबस्तही करावा लागतो, आणि तिथं काळ 28 दिवसांचा धरतात. शहरांत हौसेनं पांढरे उंदीर पाळणाऱ्यांनाही हेच करावं लागतं. नवा उंदीर दोन-तीन आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात आणि वेगळ्या खोलीत, कारण उंदरांचे श्वसनाचे काही आजार हवेतून एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जातात. जनावर दोन मुठींएवढं असो की बैलाएवढं, आधी त्याच्या आजाराची वाट कोणती ते विचारायचं आणि ती वाट अडवायची.

आजार लपवून जनावर घाईनं विकण्याचा मोह संकटात कुणालाही होतो, आणि साथ त्याच वाटेनं पुढच्या गावात जाते. जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयीचा 2009 चा केंद्रीय कायदा मालकावर दोन जबाबदाऱ्या टाकतो: असा आजार वाटला तर गावातल्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणं, आणि आजारी जनावर इतरांपासून वेगळं ठेवणं. आईच्या वाडग्यातल्या वाचलेल्या शेळ्या त्या वर्षी बाजारात गेल्या नाहीत. घरात पैशांची ओढाताण होती, तरी गेल्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात दोन पाटी विकत आणल्या, त्या ओळखीच्या कळपातून, कानातला बिल्ला आणि लसीची नोंद पाहून. तरीही त्या लिंबाखालच्या पत्र्याच्या छपरातच उतरल्या. आईला लिहिता येत नाही. ती रोज संध्याकाळी भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढते. पंधरा रेघा झाल्या होत्या, आणि मामा भाचरांसाठी म्हणून एक करडू घेऊन आला. करडू गोड होतं, पोरं त्याला उचलून वाडग्याकडे पळाली. आईनं त्यांना आवाज देऊन थांबवलं, करडू छपरात नेऊन पाटींशेजारी बांधलं, पोरांना हातपाय धुवायला लावले. मग ओलं फडकं घेऊन पंधराही रेघा पुसल्या आणि एक नवी ओढली.