सहा ठोक्यांचा हट्ट

फ्रीस्टाइल पोहताना उजवा आणि डावा हात एकेकदा फिरून आला की हातांचे एक आवर्तन पुरे होते, आणि तेवढ्यात पाय किती वेळा खाली मारले जातात यावरून किकची लय ठरते. सहा ठोक्यांच्या लयीत पाय अखंड चालतात. दोन ठोक्यांच्या लयीत प्रत्येक हातामागे एकच ठोका आणि तोही विरुद्ध पायाचा पडतो, म्हणजे उजवा हात पुढे पाण्यात शिरतो त्याच वेळी डावा पाय खाली जातो आणि कंबर वळण्यास मदत होते. ५० किंवा १०० मीटरच्या शर्यतीत सहा ठोक्यांना पर्याय नाही, हे निर्विवाद आहे. परंतु तोच नियम लांब पल्ल्याला सरसकट लावणारे प्रशिक्षक आजही आहेत, आणि त्याची किंमत शिकणाऱ्याला मोजावी लागते.

पन्नाशीकडे झुकलेला, वर्षानुवर्षे धावण्याचा व्यायाम केलेला आणि संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया हे समुद्रातील अंतर डोळ्यांसमोर ठेवून तलावावर येणारा पोहणारा अशाच एका प्रशिक्षकाच्या हाती पडला. काठावरून शिटी, 'पाय, पाय' असा पुकारा आणि पोरासोरांसमोर 'आळशी' हे बिरुद, एवढेच त्या शिकवण्याचे स्वरूप होते. स्वतः पाण्यात उतरून शिष्याचा घोटा पाहण्याची तसदी मात्र कधीही घेतली गेली नाही. वास्तविक सारे उत्तर घोट्यातच होते. फळी धरून केवळ पायांनी पोहताना हा गृहस्थ जागचा हलत नसे, कारण धावणाऱ्यांचे घोटे बहुधा ताठ असतात, चवडा मागे ताणला जात नाही आणि पाऊल पाणी मागे लोटण्याऐवजी नुसते खाली दाबते. मांडीचे मोठे स्नायू प्राणवायू भरमसाट खातात, तेव्हा अशा पायांनी सहा ठोके मारणे म्हणजे दम उधळणे होय. एकदा प्रशिक्षक गैरहजर असताना, पोटरीत गोळा आल्यामुळे, पाय सैल सोडून दोन ठोक्यांच्या लयीत पोहावे लागले आणि भिंतीवरच्या घड्याळाने जवळपास नेहमीचीच वेळ दाखवली. श्वास मात्र शांत होता. पुढे हीच लय समुद्रात उपयोगी पडली, तेव्हा 'पाया आमचाच' असे तलावभर सांगत फिरणारेही तेच प्रशिक्षक होते.

लय निवडताना एकच अंतर, सारखाच जोर लावून, दोन निरनिराळ्या दिवशी दोन्ही लयींत पोहावे आणि घड्याळाबरोबर श्वासाचीही नोंद घ्यावी. पाय मुळातच बुडत असतील तर दोष बहुधा वर उचललेल्या डोक्याचा असतो, तो आधी काढावा; श्वास घेताना पायांची कात्री होत असेल तर तोल बिघडलेला आहे, ठोके वाढवून तो सुधारत नाही. वज्रासनाने घोटे हळूहळू सैल होतात, गुडघे दुखत असल्यास मात्र ते टाळावे. समुद्राचे खारे पाणी पाय आपोआप उचलून धरते, त्यामुळे तेथे दोन ठोके अधिकच पुरतात. सहा ठोके पूर्णपणे विसरावेत असेही नाही: २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चीनच्या सुन यांगने १५०० मीटर १४ मिनिटे ३१.०२ सेकंदांत पार करताना पायांचा खरा जोर अखेरच्या टप्प्यासाठी राखून ठेवला होता. एवढे पाहूनही शिटी फुंकणाऱ्यांस लय ही अंतराप्रमाणे बदलते हे उमगत नसेल, तर शिकणाऱ्याने सरळ तलावाची वेळ बदलून घ्यावी.