छोट्या महाविद्यालयाचा हरित खर्च : आज किती आणि पुढच्या वर्षी किती

समजा, तालुक्याच्या गावात पाच-सहाशे विद्यार्थ्यांचे महाविद्यालय आहे आणि संस्थेने पर्यावरणाच्या कामासाठी यंदा ५० हजार रुपये मंजूर केले आहेत. हे पैसे जूनमधले वृक्षारोपण, भिंतीवरचे फलक आणि ऑडिटचे प्रमाणपत्र यांत सहज संपतात आणि वर्षभराने दाखवायला फारसे काही उरत नाही. वस्तू केवढ्याला आली हे सगळे विचारतात, ती सांभाळायला काय लागेल याची ओळ मात्र अंदाजपत्रकात नसते. म्हणून पुढे प्रत्येक कामाचे दोन खर्च दिले आहेत : सुरुवातीचा आणि दरवर्षीचा. दर ढोबळ आहेत आणि गावागणिक बदलतील, तेव्हा किमान तीन कोटेशने घ्याच.

सर्वांत आधी मोजमापाची साधने घ्या. विजेचा प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर, प्लगला लावायचा युनिट-मीटर, पाण्यातले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर, कचरा तोलायला ताणकाटा आणि एक साधे पर्जन्यमापक. हे सगळे पाच हजारांच्या आत बसते आणि दरवर्षी बॅटरीपलीकडे काही मागत नाही. मोजणारे हात तर महाविद्यालयात आहेतच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००४-०५ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या मूळ आराखड्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याला होते, आणि २०२३ च्या नव्या आराखड्यातही प्रत्यक्ष कामाला जागा आहे. या क्षेत्रकार्याची वही कुठल्या तरी जुन्या वहीवरून उतरवून द्यायची नसते. वर्गखोलीत किती वॅटचे दिवे आहेत, आरओ यंत्र एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे किती पाणी गटारात सोडते, कँटीनमधून दिवसाला किती किलो ओला कचरा निघतो, हे विद्यार्थ्यांनी मोजून लिहावे. महाविद्यालयाच्या पुढच्या सगळ्या खर्चाचा पाया हीच वही असेल.

पक्षी-वनस्पतींच्या नोंदींना तर पैसेच लागत नाहीत. दर फेब्रुवारीत देशभर होणाऱ्या ‘कॅम्पस बर्ड काउंट’मध्ये भाग घ्यायला शुल्क नाही. ‘सीझनवॉच’साठी परिसरातले एखादे झाड निवडून त्याची पालवी, मोहोर आणि फळे यांची दर आठवड्याला नोंद करायची, तेही फुकट. एखादी दुर्बीण घेतली तर तीन ते सहा हजार. पण आवारातल्या झाडांची नावे सांगू शकणारा शिक्षक किंवा गावातला जाणता माणूस मिळाला, तर दुर्बिणीवाचून अडत नाही.

दुसरे बिनखर्चाचे काम म्हणजे वर्षभराची वीजबिले समोर ठेवून वाचणे. महावितरणच्या दरपत्रकात शैक्षणिक संस्था ‘सार्वजनिक सेवा’ या वर्गात येतात. त्यात सरकारी आणि इतर असे दोन उपवर्ग आहेत. तुमच्या बिलावर वाणिज्यिक वर्ग छापलेला असेल तर आधी तो बदलून घेण्याचा अर्ज करा. जोडणी मोठी असेल तर मंजूर मागणी आणि प्रत्यक्ष नोंदलेली मागणीही ताडून पाहा. मग एकूण बिलाला युनिटने भागा. तुमचा खरा दर तो. पुढच्या हिशेबांसाठी तो १० रुपये धरू.

पंख्यांच्या बाबतीत घाई नको. साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. बचत ४५ वॅटची. वर्गातला पंखा दिवसाला सहा तास आणि वर्षाला २०० दिवस चालला, तर ५४ युनिट म्हणजे ५४० रुपये वाचतात. पंखा तीन हजारांचा असेल तर पैसे वसूल व्हायला साडेपाच वर्षे लागतील. तोच पंखा वसतिगृहात रोज १२ तास आणि २५० दिवस फिरला, तर १३५ युनिट म्हणजे १,३५० रुपये वाचतात आणि सव्वादोन वर्षांत किंमत निघते. तेव्हा पंखे आधी वसतिगृहात, मग ग्रंथालयात आणि कार्यालयात बदला. वर्गात जुना पंखा जळेल तेव्हाच नवा लावा. ट्यूबलाइटचेही तसेच. चालू दिवे एकदम काढून भंगारात घालणे खिशालाही परवडत नाही आणि पर्यावरणालाही.

आता झाडे. इथे सर्वांत जास्त पैसा वाया जातो, कारण रोप स्वस्त असते. सामाजिक वनीकरणाच्या किंवा खासगी रोपवाटिकेतले रोप ५० रुपयांना धरा. ५० रोपांचे अडीच हजार झाले आणि एवढ्यावर काम झाले असे वाटते. पूर्ण हिशेब असा : खड्डा, शेणखत, माती दीडशे रुपये झाडामागे, म्हणजे साडेसात हजार. गुराढोरांपासून वाचवायला साधी जाळी ५०० रुपये, म्हणजे २५ हजार. मग पाणी. नोव्हेंबर ते मे अशा तीसेक आठवड्यांत प्रत्येक झाडाला आठवड्यातून दोनदा २० लिटर दिले, तर हंगामाला ६० हजार लिटर लागते. दुष्काळी तालुक्यात ते टँकरने आणायचे तर दहा हजार लिटरचे सहा टँकर. दोन हजार रुपयांच्या भावाने १२ हजार, आणि असे तीन उन्हाळे काढायचे. सगळे मिळून ७१ हजार, झाडामागे १,४०० च्या वर. यात माळ्याची मजुरी धरलेलीच नाही. स्वतःची विहीर असेल तर आकडा बराच खाली येतो, पण नाहीसा होत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की छोट्या महाविद्यालयाने वर्षाला दहा-पंधराच झाडे लावावीत. पंधरा झाडांचा तीन वर्षांचा खर्च २१-२२ हजार होतो आणि तो पेलता येतो. कडुलिंब, करंज, बहावा, पळस, कांचन, आपटा, आणि जागा मोकळी असेल तर वड किंवा पिंपळ अशी इथली झाडे घ्या. ती इथल्या पाखरांच्या, किड्यांच्या ओळखीची आहेत. निलगिरी, सुबाभूळ, गिरीपुष्प झटपट वाढतात म्हणून त्यांच्या मागे जाऊ नका. आणि एप्रिल-मेच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, त्याचे नाव आणि मजुरी ठरावात लिहा. महाविद्यालय बंद असते नेमके त्याच आठवड्यांत रोपे जळतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते. त्यातले काही तास लावण्याऐवजी जगवण्याला द्या.

पावसाच्या पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ५०० चौरस मीटरची गच्ची आणि ६०० मिलिमीटरचा दुष्काळी पाऊस धरून, पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी २ लाख ४० हजार लिटर पाणी हाती लागते. टँकरच्या मापात २४ टँकर. गच्चीवरून पाइप, गाळणी आणि बोअरवेलशेजारी पुनर्भरणाचा खड्डा यांना ४० ते ८० हजार लागतात. दरवर्षी मेमध्ये गच्ची झाडणे, गाळणीतली वाळू-खडी धुणे यांना दोन-तीन हजार. हे झाले नाही तर गाळणी तुंबते आणि एखाद्या वर्षात कोणी तरी पाइप काढून टाकते. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडा, आणि न गाळलेले पाणी बोअरमध्ये कधीही घालू नका. घाण थेट भूजलात जाते. कोकणात गोष्ट वेगळी. तिथे जांभ्यातून पाणी लवकर निसटते, त्यामुळे साठवण टाकीचा विचार आधी करावा लागतो आणि खर्च वाढतो.

पालापाचोळ्यासाठी जाळीचे चार पिंजरे पुरेत, प्रत्येकी दीड-दोन हजार. अधूनमधून पाणी आणि शेणकाला टाकायचा. कचरा उघड्यावर जाळायला घनकचरा नियमांनीच बंदी घातली आहे. कँटीनचा ओला कचरा थोडा असेल तर गांडूळखताचा तयार बेड दोन-तीन हजारांत मिळतो. मात्र गांडुळांना सावली आणि ओल बाराही महिने लागते. दिवाळीच्या सुट्टीत बघायला कोणी नसेल तर साधा खड्डाच बरा.

सौर वीज ५० हजारांत बसणार नाही; तिचा प्रस्ताव संस्थेपुढे वेगळा ठेवावा. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट गच्ची लागते आणि महाराष्ट्रात दिवसाला सरासरी चारच्या आसपास युनिट मिळतात. दहा किलोवॉटचा संच पाच ते साडेसहा लाखांत बसतो, वर्षाला १३-१४ हजार युनिट देतो आणि नेट मीटरिंग (जास्तीची वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याची सोय) असेल तर चार-पाच वर्षांत फिटतो. एक गोष्ट मात्र विक्रेत्याकडून ऐकताना नीट पारखा : २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेतले ७८ हजारांपर्यंतचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, महाविद्यालयासाठी नाही. उन्हाळ्यात पॅनेल दर पंधरवड्याला धुवावी लागतात, त्यामुळे गच्चीवर नळ आणि सुरक्षित जिना हवा. इन्व्हर्टर पॅनेलइतका टिकत नाही. दहाएक वर्षांनी बदलायचे पैसे आजपासून बाजूला ठेवा. गुंतवणूक दुसऱ्या कंपनीची आणि तुम्ही फक्त युनिटचे पैसे द्यायचे, असाही करार मिळतो. त्यात भांडवल लागत नाही, पण गच्ची वीस-पंचवीस वर्षे अडकून पडते. वर मजला चढवायचा विचार असेल तर सही करू नका.

राहिले ऑडिट. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या सातव्या निकषामुळे हरित आणि ऊर्जा ऑडिटची मागणी वाढली. बाहेरच्या संस्थेचे शुल्क छोट्या आवाराला २५ ते ७५ हजारांपर्यंत सांगितले जाते. पैसे देण्यापूर्वी विचारा : तुम्ही किती दिवस आवारात थांबणार? कोणती उपकरणे आणणार? ऊर्जेसाठी तुमच्याकडे ऊर्जा दक्षता ब्यूरोची मान्यता असलेला परीक्षक आहे का? गेल्या वर्षी दिलेला एखादा अहवाल दाखवाल का? फोनवर माहिती घेऊन प्रमाणपत्र पाठवणाऱ्याला नाही म्हणा. विद्यार्थ्यांची मोजमापाची वही तयार असेल तर परीक्षकाचे निम्मे काम झालेले असते. त्या जोरावर शुल्क कमी करून मागायला संकोच नको.

कामांचे महिने मात्र ठरलेले आहेत. पाइप आणि गाळणीचे काम मेअखेर संपायला हवे, तेव्हा त्याची कोटेशने फेब्रुवारीत मागवा आणि ठराव मार्चच्या सभेत घ्या. रोपांची मागणी एप्रिलमध्येच नोंदवा, खड्डे मेमध्ये खणून उन्हात तापू द्या, आणि जमीन दोन-तीन दमदार पावसांनी मुरेपर्यंत लागवड थांबवा. ५ जूनला, पर्यावरण दिनी, पाऊस आलेला नसेल तर त्या दिवशी पर्जन्यमापक बसवा आणि झाडे पाऊस मुरल्यावर लावा.