गोधडीतील हवा

डिसेंबर-जानेवारीच्या दिवसांत पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही जुन्या वसाहतीतून सकाळी फेरी मारा. एकीकडे पहिल्या पाळीचे कारखाने सुरू झालेले असतात आणि दुसरीकडे चाळींच्या कठड्यांवर, गच्च्यांवर, क्वचित विजेच्या खांबाच्या ताणावरसुद्धा गोधड्या वाळत पडलेल्या दिसतात. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढच्या दशकात आकुर्डी, भोसरी, चिंचवड या गावांभोवती मोटारी, स्कूटर, यंत्रे बनविणारे उद्योग उभे राहिले आणि पुढे हीच रांग चाकणपर्यंत पोचली. या कारखान्यांत काम करायला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. १९७२ च्या दुष्काळानंतर तर फारच आली. येताना त्यांनी ट्रंकेबरोबर आणखी एक वस्तू हमखास आणली, ती म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणते, उत्तर कर्नाटकातून आलेले कुटुंब कौदी म्हणते. बंगालात तिचीच बहीण कांथा आणि बिहारात सुजनी. जुने लुगडे, फाटके धोतर, मुलांचे आखूड झालेले कपडे यांचे थर एकमेकांवर ठेवून साध्या धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण, एवढेच तिचे वर्णन.

मग प्रश्न असा की, ज्या पातळ लुगड्यात उन्हाळ्यात गारवा वाटतो, त्याच लुगड्याची गोधडी थंडीत ऊब कशी देते? कापड तेच आहे. त्यात नवे असे काय शिरले?

उत्तर तोलून-मापून काढता येते. त्यासाठी एक तराजू, एक मोजपट्टी आणि सुताच्या तंतूची घनता माहीत असली की पुरे. ही घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅम असते.

नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, सुमारे ८.२ मीटर लांब. पन्हा १.१५ मीटर धरला तर एका लुगड्याचे क्षेत्रफळ साधारण ९.४ चौरस मीटर होते. गोधडी २ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद करायची असेल तर एका थराला २.८ चौरस मीटर कापड लागते. म्हणजे दोन लुगड्यांत सहा थर बसतात आणि ठिगळांपुरते कापड उरते. समजा, अशा गोधडीचे वजन २ किलोग्रॅम भरले आणि जाडी अर्धा सेंटिमीटर आली. तिचे आकारमान २०० × १४० × ०.५, म्हणजे १४,००० घन सेंटिमीटर झाले. आता २,००० ग्रॅम सुताचे तंतू प्रत्यक्षात जागा किती व्यापतात? २,००० भागिले १.५, म्हणजे सुमारे १,३३० घन सेंटिमीटर. उरलेल्या १२,६७० घन सेंटिमीटरमध्ये काय आहे?

हवा! दहा भागांपैकी नऊ भाग हवाच. आपण गोधडी पांघरतो असे म्हणतो खरे, पण पांघरतो ती मुख्यतः हवा. कापड तिला धरून ठेवण्यापुरते आहे. तुमच्या घरची गोधडी तोलून हेच गणित करून पाहा. आकडे वेगळे येतील, पण हवेचा वाटा मोठाच निघेल.

हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे २३ पट उष्णता वाहून नेते. तंतूचा घन पदार्थही हवेपेक्षा कित्येक पटींनी अधिक उष्णता वाहतो. यावर एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘हवाच ऊब देत असेल तर उघड्यावर झोपलेल्या माणसाभोवतीही हवा असतेच की! त्याला थंडी का वाजते?’ शंका रास्त आहे. मोकळी हवा अंगाजवळ तापते, हलकी होते, वर जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. या अभिसरणाने उष्णता भराभर वाहून जाते. वारा असेल तर विचारूच नका. परंतु हवा दोन तंतूंमधल्या किंवा दोन थरांमधल्या चिंचोळ्या फटीत अडकली की तिला वर-खाली फिरायला वाव उरत नाही. अभिसरण थांबते, आणि वहनाच्या बाबतीत हवा मुळातच आळशी! म्हणून सगळे कसब आहे ते हवा अडकवण्यात.

धावदोऱ्याचे काम

इथे सुई-दोऱ्याचे महत्त्व कळते. नुसते सहा थर एकमेकांवर ठेवले तर रात्रभरात ते सरकतात, एका बाजूला गोळा होतात आणि उरलेल्या भागात दोनच थर राहतात. टाके त्यांना जागेवर बांधून ठेवतात. पण टाका घातला की त्या ठिकाणी थर दाबले जातात, तिथली हवा निघून जाते. टाके फार विरळ घातले तर थर सरकणार, फार दाट आणि ओढून घातले तर गोधडी पुठ्ठ्यासारखी कडक होणार. शिवणाऱ्या बायका दोरा हलक्या हाताने ओढतात, त्यामुळे दोन टाक्यांच्या ओळींमध्ये कापड किंचित फुगून उभे राहते आणि गोधडीवर त्या ओळखीच्या बारीक चुण्या पडतात. या चुण्या म्हणजेच हवेच्या कोठड्या. माझ्या मते या कामातले खरे कौशल्य रंगीत ठिगळांपेक्षा या हलक्या ओढीत आहे. ते पाहून उचलता येत नाही, हाताला यावे लागते.

पुष्कळ ठिकाणी शिवण कडेने सुरू करून चौकोनात चौकोन असे आत आत नेतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया आपली कवंदी याच पद्धतीने शिवतात. कडेपासून सुरू करून मध्यावर संपवतात आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले लहान कापडी त्रिकोण लावतात. त्यांना त्या ‘फूल’ म्हणतात. अशी चौकोनी वळणे घेत जाणाऱ्या दोऱ्याची लांबी कशी काढाल? सोपे आहे. दोन ओळींतील अंतर २ सेंटिमीटर असेल तर प्रत्येक ओळ जणू २ सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी व्यापते. २.८ चौरस मीटर भागिले ०.०२ मीटर म्हणजे १४० मीटर. एका सेंटिमीटरला एक टाका धरला तर १४,००० टाके! मिनिटाला पंधरा टाके घातले तरी साडेपंधरा तास सलग बसावे लागेल, आणि सलग कोण बसते? दुपारची भांडी झाल्यावर तासभर, असे धरले तर पंधरा-सोळा दुपारी एका गोधडीत जातात. बाजारात हाताने शिवलेल्या गोधडीची किंमत ऐकून ‘जुन्या चिंध्यांचे एवढे पैसे?’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशोब जरूर करावा.

तान्ह्या बाळाचे गणित

घरात बाळ यायचे असले की आजीच्या हाताला पहिले काम मिळते ते झबली, दुपटी आणि कुंच्या शिवण्याचे. त्यासाठी कापड मुद्दाम जुने घेतात. नव्या कापडावर खळ असते आणि त्याचे धागे ताठ असतात. वारंवार धुतल्याने खळ निघून जाते, पीळ सैलावतो आणि पृष्ठभाग मऊ होतो. सुताचा आणखी एक गुण असा की, ओले झाल्यावर त्याची ताकद कमी न होता उलट वाढते. म्हणून तर ते धोपटण्याखाली वर्षानुवर्षे टिकते.

पण बाळाला मोठ्या माणसापेक्षा उबेची गरज अधिक का? एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ आणि आकारमान १. दोन सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ २४ आणि आकारमान ८. म्हणजे आकारमानाच्या मानाने पृष्ठफळ तिप्पटच. वस्तू जितकी लहान, तितका तिचा पृष्ठभाग प्रमाणाने मोठा. तीन किलोग्रॅमच्या नवजात बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे २,००० चौरस सेंटिमीटर, तर साठ किलोग्रॅमच्या माणसाचे सुमारे १६,००० असते. दर किलोग्रॅममागे बाळाला जवळजवळ ६७० आणि मोठ्याला २७० चौरस सेंटिमीटर. उष्णता त्वचेतून बाहेर जाते, तेव्हा बाळ अडीचपट वेगाने उष्णता गमावण्याच्या स्थितीत असते. शिवाय नवजात बाळ आपल्यासारखे कुडकुडत नाही. पाठीकडच्या व मानेजवळच्या तपकिरी चरबीतून ते उष्णता निर्माण करते आणि तो साठा मर्यादित असतो. त्याच्या त्वचेचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या डोक्याचा असतो. आता कुंची आठवा: डोके, कान आणि पाठ एकाच कापडात झाकणारी. जिथून जास्त उष्णता जाते तोच भाग ती झाकते.

मात्र कुंची ही बाहेर नेताना घालायची वस्तू आहे. घरात बाळ झोपले असता डोके झाकू नये, नाहीतर जादा उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही. एक वर्षाच्या आतील बाळ झोपलेले असताना त्याच्या अंगावर जड, सैल गोधडी टाकणेही धोक्याचे असते. ती तोंडावर आली तर त्याला ती बाजूला करता येत नाही. तान्ह्यासाठी अंगाबरोबर बसणारे झबले चांगले, गोधडी त्याच्या खाली अंथरायला, तीही पातळ आणि ताणून बसवलेली. झबल्याला मणी, टिकल्या, सैल बटणे लावू नका. गळ्याशी लांब बंद नको. आखूड बंद बाजूला किंवा पाठीवर घ्यावेत.

कापड कोणते आणि कोठले

हल्ली घरातली जुनी साडी सुती असेलच असे नाही. बहुतेक वेळा ती पॉलिएस्टरची असते. तिच्यातही हवा अडकतेच, ऊबही मिळते. पण साधारण दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प शोषून ठेवते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून अशा पांघरुणात घाम अंगावर चिकचिकतो. शिवाय ठिणगी पडली तर पॉलिएस्टर वितळून त्वचेला चिकटते. सूतही पेट घेते हे खरे, तेव्हा चुलीपासून दोन्ही दूरच ठेवावीत. कापड ओळखायचे असेल तर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. जुन्या धुतलेल्या सुती कापडात तो चटकन पसरतो, पॉलिएस्टरवर बराच वेळ मोत्यासारखा बसून राहतो.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात आणखी एक काळजी घ्यायला हवी. घरात कारखान्याचे जुने गणवेश, डांगऱ्या, हात पुसायची फडकी असतात. कापड दणकट दिसते, म्हणून त्यांची दुपटी करण्याचा मोह होतो. तसे करू नका. त्यांत कापणीतेल, धातूचा बारीक कीस आणि कामाच्या जागेनुसार रंगातील किंवा बॅटरीतील शिशाचे कण रुतलेले असू शकतात. दोन-चार धुण्यांनी ते पूर्ण जात नाहीत आणि बाळ तर हाती येईल ते चोखते. शिसे वाढत्या मेंदूला अपाय करते. असे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुवूही नयेत.

तेलकट चिंध्यांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून वाळते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात पडून राहिला, तर अडकलेली हवा ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. ढीग आतून तापत जातो आणि काडी न लावता पेटू शकतो. जो गुण गोधडीत सुखाचा, तोच इथे आगीचे कारण! म्हणून रंगकाम झाल्यावर अशा चिंध्या पसरून वाळवतात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकतात. उलट चांगला उपयोगही आहे. जुने कापड पिंजून त्याचे नमद्यासारखे थर करतात आणि मोटारीच्या आत, पत्र्यामागे बसवतात. तंतूंमधल्या हवेत ध्वनीची ऊर्जा जिरते आणि आत बसलेल्यांना आवाज कमी येतो.

वर्गात करण्याचा प्रयोग

सारख्या आकाराचे चार स्टीलचे पेले, एकाच जुन्या सुती साडीचे सारखे तुकडे आणि तापमापी घ्या. पहिला पेला उघडा ठेवा. दुसऱ्याभोवती कापडाचे चार थर घट्ट ओढून गुंडाळा. तिसऱ्यासाठी तेवढेच थर हलक्या धावदोऱ्याने, चुण्या पाडून शिवून घ्या आणि सैलसर गुंडाळा. चौथ्याभोवती तसेच शिवलेले, पण भिजवून पिळलेले थर लावा. चारही पेल्यांत सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी सारखे मोजून ओता, वर पुठ्ठ्याची झाकणे ठेवा आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. पाणी ओतण्याचे काम शिक्षकांनी करावे. अर्ध्या तासाने आलेखपत्रावर चार रेषा काढा. तिसऱ्या पेल्याची रेषा सर्वांत वर राहील. चौथा पेला बहुधा उघड्या पेल्याच्याही आधी निवेल, आणि त्याचे कारण तुम्हाला घरातल्या माठाकडे पाहून सांगता यावे.

जमल्यास पाचवा पेलाही ठेवा: शिवलेल्या थरांवर बाहेरून दोरी करकचून बांधा आणि त्याची रेषा दुसऱ्या पेल्याच्या जवळ जाते की तिसऱ्याच्या, ते पाहा. प्रयोगात वापरलेले कोरडे तुकडे टाकू नका. चार-चार जोडले की पाटावर घालायचे आसन होते. फक्त टाके हलक्या हाताने घाला.