नव्या गुडघ्याची शिफ्ट

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन डॉक्टर दीड-दोन तासांत उरकतात. पुढचे तीन महिने पेशंटचे. पहिले पंधरा दिवस व्यायाम जोरात चालतो, कारण घरात माणसांची वर्दळ असते. मग टाके निघतात, भेटायला येणारे थांबतात, रात्रीची झोप अजून तुटक असते आणि गुडघा कालच्याइतकाच वाकतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात "होऊन जाईल बाप्पा हळूहळू" हे वाक्य घरात ऐकू येऊ लागतं. पण गुडघा आपोआप होत नाही. आतली जखम भरताना तिथला व्रण घट्ट होत जातो आणि पहिल्या दीड-दोन महिन्यांत न मिळालेलं वाकणं नंतर मिळवणं फार जड जातं.

यावर उत्साह हा उपाय नव्हे. निदान भिलाईत तरी तो कुणाला पटू नये. ४ फेब्रुवारी १९५९ ला इथली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून हे गाव शिफ्टवर चालतं. विदर्भातून येऊन इथे स्थायिक झालेल्या मराठी घरांत तीस-तीस वर्षं फर्स्ट, सेकंड, नाईट केलेली माणसं आहेत. पहाटेच्या सायकलवर बसताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं की आज मन आहे का. व्यायामाचीही शिफ्टच लावायची.

हे नुसतं लाडकं मत नाही. शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी सांधा बदललेल्या पेशंटांवरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. कोणतं काम कधी आणि कुठे करणार हे ज्यांनी आधी लिहून काढलं, ते इतरांपेक्षा लवकर हिंडू-फिरू आणि आपली कामं करू लागले. म्हणून पहिली पायरी वहीची. "रोज व्यायाम करीन" असं लिहू नका. "सकाळच्या चहानंतर, हॉलमधल्या लाकडी खुर्चीत, टाच मागे सरकवणं दहा वेळा" असं लिहा. वेळ, जागा, कृती आणि आकडा, चारही हवेत.

वेळ ठरवताना गोळीचा हिशेब धरा. दुखणं कमी करायची जी गोळी डॉक्टरांनी दिली असेल, ती काही खाऊन घ्यायची आणि अर्ध्या-पाऊण तासाने व्यायामाला बसायचं. सहाला चहा-पोहे आणि गोळी, पावणेसातला खुर्ची. मे महिन्यात भिलाईचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा चालण्याचा भाग सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. थंडीत उलट: पहाटे सांधा आखडलेला असतो, त्यामुळे ऊन अंगणात आल्यावर. व्यायामानंतर बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, थेट कातडीवर नको. आणि आडवं पडताना गुडघ्याखाली उशी घेऊ नका. फार बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहायला शिकतो. उशी हवी तर टाचेखाली.

व्यायाम तेच, जे फिजिओने दाखवले आहेत. घोटा वर-खाली, मांडी आवळून पाच मोजणं, पाय सरळ उचलणं, टाच सरकवणं. नवीन काही यूट्यूबवरून उचलू नका. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. तुमचं ऑपरेशन हाड मोडल्याचं किंवा लिगामेंटचं असेल तर पायावर भार किती द्यायचा हे सर्जनच ठरवेल. तिथे शेजाऱ्याचा अनुभव उपयोगाचा नाही.

प्रगती डोळ्यांना दिसली पाहिजे, कारण शरीराला ती जाणवत नाही. खुर्चीत बसून टाच जाईल तितकी मागे न्या आणि अंगठ्याच्या टोकाशी फरशीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. आठवड्याने पुन्हा तपासा, खुर्ची मात्र त्याच जागी हवी. दोन बोटांचा फरकही पट्टीवर दिसतो. रोजचा आकडा कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने. नुसती बरोबरची खूण नको, कारण खूण सगळ्या दिवसांची सारखी दिसते.

अंशांचं लक्ष्य फिजिओसाठी ठेवा, स्वतःसाठी कामाचं. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा सुमारे ६७ अंश वाकावा लागतो, जिना चढायला ८३, खुर्चीतून उठायला ९३. त्याचं तुमच्या गावातलं रूप असं: आधी क्वार्टरचं फाटक, मग गल्लीचं टोक, मग सिव्हिक सेंटर, मैत्रीबागेची फेरी, आणि शेवटी गाडीत बसून नागपूरचं लग्न. लग्नाची तारीख चौकोनात आधीच लिहून ठेवा.

घरच्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण व्यायाम बुडतो तो पुष्कळदा प्रेमाने. "बाबा, तुम्ही बसा, मी आणते" हे सूनबाई दिवसातून वीसदा म्हणते आणि वीस चालणी जातात. पाण्याचा तांब्या दुसऱ्या खोलीत ठेवा. म्हाताऱ्या माणसाला उठवतात म्हणून नातेवाईक नावं ठेवतील, ठेवू द्या. मात्र वाटेतली पायपुसणी आणि ओली फरशी आधी काढा.

पेशंट घरातली बाई असेल तर गोष्ट उलटी होते. तिसऱ्या आठवड्यात ती ओट्याशी उभी असते आणि "दिवसभर उभीच तर आहे, वेगळा व्यायाम कशाला" असं तिलाही वाटतं. ओट्याशी उभं राहून गुडघा वाकत नाही, फक्त सुजतो. तिची व्यायामाची वेळ घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ हवी आणि त्या अर्ध्या तासात गॅसवर काही नको. आकडे मोजायचं काम बंगळुरूच्या नातवाला व्हिडिओ कॉलवर द्या. आजीने दहाऐवजी आठच केले तर तो सोडत नाही.

वाईट दिवस येणारच, म्हणून त्याचं कामही आधी लिहून ठेवा: घोटा दहा, मांडी दहा, बस. रजा नाही, हाफ डे. व्यायामानंतरचं दुखणं किंवा सूज दुसऱ्या सकाळपर्यंत उतरली नाही, तर त्या दिवशी आकडे निम्मे करा, बंद करू नका. पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा, सेक्टर ९ चा असो की जवळचा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर एक मिनिटही थांबू नका.

दुसऱ्याच्या गुडघ्याशी तुलना नको. अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये ब्रीच कँडीत बदलला, उजवा जून २००१ मध्ये, आणि जुलैच्या मध्यावर ते आग्र्यात मुशर्रफांशी वाटाघाटीला बसले होते. पंतप्रधानांच्या दिमतीला माणसं होती. तुमच्याकडे एक फिजिओ, तोही आठवड्यातून दोनदा.

त्यांच्या तारखांमधून एक गोष्ट मात्र घ्या. दोन ऑपरेशनांत आठ महिने होते. तुमचाही दुसरा गुडघा रांगेत असेल, तर मांडी आवळण्याचे दहा त्याच खुर्चीत दुसऱ्या पायानेही करा. ऑपरेशनच्या आधी मांडी जितकी मजबूत, तितकी नंतरचा वॉकर लवकर सुटायला मदत होते.